बरगदहीच्या कार्डाचं उत्तर

बनबसा, उत्तराखंड
१८ नोव्हेंबर २०२४

ती. श्यामकाका आणि कुसुमकाकू,

नमस्कार. पोचले. आल्या आल्या पत्र टाकतेय, त्यामुळे काकांनी आता "मुलगी बेजबाबदार आहे" हे वाक्य निदान आठवडाभर बोलू नये.

रिक्षात बसताना काकांनी माझ्या हातात आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा कोंबला आणि म्हणाले, "फोन करायचा नाही. फोनवर माणूस 'बरी आहे' एवढंच सांगतं." ऑफिसातल्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या अजून हसताहेत. एक तर मी तीन महिने बिनपगारी रजा घेऊन भारत-नेपाळ सीमेच्या कडेकडेनं महाकाली नदीपासून मेची नदीपर्यंत निघालेय, हेच त्यांना येडेपणाचं वाटतं. त्यात पत्रं! पण काका, खूळ तुमचंच आहे. सहा वर्षं तुमच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहिले आणि दर रविवारी चहाबरोबर तुमचा नकाशांचा गठ्ठा उलगडला गेला. आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून रेघा मारल्यात, पण स्वतः एकही सीमा पाहिली नाहीत. म्हटलं, गुडघे तुमचे गेले, माझे तर शाबूत आहेत.

तर ऐका. सीमा म्हणजे काहीही नाही! कुंपण नाही, भिंत नाही. पांढरा चुना लावलेला एक खांब, त्यावर नंबर, आणि दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी. त्या पट्टीला इथं दसगजा म्हणतात. तिथं पोरं क्रिकेट खेळत होती. बॅटिंग भारतात आणि लाँग ऑन नेपाळात. मी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभी राहिले. काही झालं नाही. पहाऱ्यावरच्या जवानानं विचारलं, "मॅडम, हो गया?"

काकू, लाडू अजून पुरलेत. काका, मफलर विसरू नका.

तुमची,
भाग्यश्री

•

पुणे
२६ नोव्हेंबर २०२४

चि. भाग्यश्रीस,

पत्र पोचलं. अक्षर पूर्वी होतं तसंच आहे, म्हणजे तब्येत बरी असावी.

"सीमा म्हणजे काहीही नाही" हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. आपण महाकाली ओलांडून पलीकडे ज्या कंचनपुराकडे बघत उभ्या होतात, ते १८१६ साली नेपाळच्या हातून गेलं आणि १८६० साली परत मिळालं. सत्तावनच्या बंडात इंग्रजांना मदत केली त्याचं ते बक्षीस. म्हणजे तिथल्या एखाद्या म्हातारीनं घर न सोडता दोनदा राज्य बदललेलं पाहिलं असेल. त्याला काहीही नाही म्हणायचं असेल तर म्हणावं.

पुढे बहराइचच्या बाजूला जाशील. त्याच तराईच्या जंगलात नानासाहेब पेशवे शिरले. त्यांचं पुढे काय झालं याबद्दल आपल्या पेठेत प्रत्येक गल्लीचं वेगळं मत आहे आणि प्रत्येक गल्ली ठाम आहे. तू नवीन मत घेऊन येऊ नयेस ही विनंती.

खांबांचे नंबर लिहून ठेव. दोन नद्यांच्या मधली जमीन पायी बघ, जीपमधून नाही. एकच गाळायला हरकत नाही: पश्चिम चंपारणात नरकटियागंज आलं की तिथून थेट रक्सौलची गाडी पकड. मधल्या पट्ट्यात बघण्यासारखं काही नाही.

तुझी खोली कुणाला दिलेली नाही. आठवण येते असा अर्थ काढू नये. रंगकाम काढायचं आहे.

श्यामसुंदर

ता.क. (मी कुसुम. यांनी पत्र चिकटवायच्या आत लिहितेय.) रंगकाम-बिंगकाम काही नाही गं. रोज तुझ्या खोलीत बसून नकाशावर टाचण्या टोचतात. मंडईतून मटार आणले, सोलताना तुझ्या वाटणीचे तोंडात टाकणारं कुणी नाही म्हणून भांडं भरून वाहिलं.

•

रुपईडीहा, जि. बहराइच
९ डिसेंबर २०२४

ती. काका,

कंचनपुराबद्दल चूक कबूल. कान धरले.

इथं समोर नेपाळगंज. सकाळी धुकं इतकं की समोरचा देश दिसत नाही. तरी धुक्यातून सायकलींच्या घंट्या येत असतात, इकडून तिकडे, तिकडून इकडे. ज्या बाईंच्या घरी राहिलेय त्यांचं माहेर नेपाळात, सासर इकडे. मी विचारलं, "परदेशात लग्न केलंत, भीती नाही वाटली?" त्या म्हणाल्या, "परदेश कसला, सासू तिकडेही तशीच असती."

चाळीसेक खांब पाहिले, नंबर वहीत आहेत. काही शेताच्या मधोमध, एकाला म्हैस बांधलेली. एक नदीत पडलाय, नुसतं डोकं वर. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, नदी सरकली तर सीमा पण सरकते का? तो म्हणाला, नदीला काय, ती येते जाते. तुम्ही पण रविवारी हेच सांगायचात ना? नदी सरकली तरी आखलेली सीमा जागची हलत नाही म्हणून.

आता एक विचारू? तुम्ही मला खांब न् खांब बघायला लावता. मधली ओसाड शेतंसुद्धा पायाखाली घालायला लावलीत. मग नरकटियागंज ते रक्सौल "बघण्यासारखं काही नाही" कसं? तुमच्या तोंडून हे वाक्य मी सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी तो पट्टा बघणारच आहे. पंधरा दिवसांनी तिथं पोचेन. नरकटियागंजच्या लॉजचा पत्ता मागे लिहिलाय.

भाग्यश्री

•

पुणे
१७ डिसेंबर २०२४

भाग्यश्री,

सांगितलं तेवढं ऐकावं. तो पट्टा गाळावा. हट्ट असेल तर पत्र पाठवण्याची तसदी घेऊ नये.

श्यामसुंदर

•

पुणे
१८ डिसेंबर २०२४

बाळ भाग्यश्री,

यांचं कालचं पत्र तुला मिळालं असेल. मनाला लावून घेऊ नकोस. ते टाकून आले आणि जेवले नाहीत. आंतर्देशीयात काही घालता येत नाही म्हणून हे पाकीट. हे कात्रजला चुलतभावाकडे गेलेत तेवढ्यात लिहून घेते.

आत एक जुनं पोस्टकार्ड आहे. जपून हाताळ. पार पिवळं पडलंय, घडीवर फाटतं. ते यांच्या कपाटात रूलिंग पेनच्या डबीखाली असतं. मला माहीत आहे हे यांना माहीत आहे, पण आम्ही बोलत नाही.

१९८३ साली हे इथल्या एका छापखान्यात होते. शाळांच्या भिंतीवर लावायचे कापडी नकाशे तिथं छापायचे. बिहारातून चंपारणच्या नकाशाची ऑर्डर आली. कामाची घाई, मालक डोक्यावर उभा. सीमेची तुटक रेघ यांनी मारली ती नदीच्या निळ्या रेघेला धरून. ड्राफ्ट्समनला सवयच असते म्हणे, सीमेजवळ नदी दिसली की पेन तिच्याच मागे जातं. पण नदीनं पात्र बदललं होतं. खांब जुन्या पात्रापाशी आणि यांची रेघ नव्या पात्रावर. मधे साठ घरांचं एक गाव, बरगदही. ते गेलं नेपाळात!

नकाशे रवाना झाले. महिन्याभरात हे कार्ड आलं, तिथल्या मास्तरांचं. हिंदी सोपी आहे, वाचशीलच. "आपण आमचं गाव नेपाळला दिलंत. मुलं विचारतात, गुरुजी, आपण कोणत्या देशात आहोत? मी काय सांगू? कृपया कळवावे." मालकानं कार्ड टोपलीत टाकलं. यांनी उचलून घरी आणलं.

उत्तर लिहायला बसायचे. मी चहा ठेवून जायचे. एक ओळ लिहून कागद फाडायचे. कधी म्हणायचे, आधी मालकाची परवानगी घेतो. कधी म्हणायचे, दुरुस्त नकाशा छापून घेतो आणि सोबतच पाठवतो. मालक काही छापेना. वर्ष गेलं, मग लाज वाटायला लागली की आता इतक्या उशिरा काय लिहायचं. नोकरी सोडली ती त्यातच. पुढे जन्मभर बिल्डरांचे प्लॅन काढले. नकाशा म्हणशील तर फक्त नातेवाइकांच्या लग्नपत्रिकेमागे, कार्यालयाला कसं यायचं त्याचा. सीमा पुन्हा काढली नाही.

जगाला सांगतात, पत्राला आठ दिवसांत उत्तर द्यावं. आणि हे एक असं राहिलं. पेपरात सीमेवर काही झालं की पहिल्यांदा गावाचं नाव बघतात. माझ्या चुकीनं कुणाचं घर गेलं असेल का गं, हे एकदाच बोलले होते मला, पंचवीस वर्षांपूर्वी. एवढं मनात घेऊन हा माणूस जायला नको, असं मला फार वाटतं.

जायचं की नाही तू ठरव. मी सांगितलं नाही असं समज. सांगितलंय म्हणा.

कुसुमकाकू

•

बरगदही, जि. पश्चिम चंपारण
६ जानेवारी २०२५

ती. श्यामकाका,

तुम्ही पत्र पाठवू नको म्हणालात तरी पाठवतेय. मी बरगदहीला आलेय. कार्ड माझ्याकडे आहे. काकूंवर रागवू नका, रागवायचंच असेल तर माझ्यावर रागवा. मी लांब आहे, सोपं जाईल.

पहिल्यांदा तुम्हाला हवं ते सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. गाव आहे. भारतात आहे. कुणाचं घर गेलं नाही.

आता सगळं. गावात शिरून शाळा कुठे विचारलं. दोन खोल्यांची शाळा, पुढे मैदान, मैदानापलीकडे मोहरीचं शेत आणि शेतात खांब. मुख्याध्यापिका नम्रताजी. त्यांना म्हटलं, मी पुण्याहून आलेय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भूतच! म्हणाल्या, "पूना? नकाशावालं पूना?" आणि हात धरून वर्गात घेऊन गेल्या.

काका, तुमचा नकाशा अजून भिंतीवर आहे. कापड पिवळं पडलंय, खालची कड उंदरांनी खाल्लीय, पण कोपऱ्यात छापखान्याचं नाव आणि "पुणे" स्पष्ट वाचता येतं. शेजारी सरकारी नवा नकाशा आहे, चकचकीत, बिनचूक. त्याच्याकडे कुणी बघत नाही. तुमच्या नकाशावर खांबांच्या खुणांच्या अलीकडे, भारताच्या बाजूला, एक लाल उंचवटा आहे. हात लावून पाहिला. टिकल्या आहेत त्या! एकावर एक चिकटवलेल्या, शर्टाच्या बटणाएवढा थर झालाय.

नकाशा आला त्या दिवशी मुलं रडकुंडीला आली होती. पहिलीतल्या एका मुलीनं स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली आणि मास्तरांना विचारलं, आपलं गाव खरं कुठे आहे? मास्तरांनी बोट ठेवलं, तिनं टिकली लावली. तेव्हापासून दर वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी पहिलीतलं सगळ्यात लहान पोर पुढे येतं आणि गाव परत जागेवर आणतं. मग सगळा वर्ग टाळ्या वाजवतो आणि त्यानंतरच हजेरी. ती पहिली टिकली लावणारी मुलगी म्हणजे नम्रताजी. मास्तर त्यांचे वडील.

आणि मास्तर आहेत, काका. सुखदेव मास्तर. शहाऐंशी वर्षांचे, अंगणात खाटेवर उन्हात बसलेले, कानाला कमी, जिभेला अजिबात कमी नाही. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. बराच वेळ स्वतःचं अक्षर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोचलं होतं! उत्तर आलं नाही तेव्हा मला वाटलं, त्या माणसानं पूनासुद्धा नेपाळात टाकलं असेल." आणि असे हसले की मला पाणी आणायला पळावं लागलं. काका, तुमच्या तोडीचा माणूस आहे हा. पुण्यात जन्मायचा तो चुकून इथं जन्मला.

खोटं सांगणार नाही. त्रास झाला होता. तोच नकाशा इथल्या एका कचेरीत टांगला होता. गावासाठी हातपंप मागितला तर तिथला कारकून भिंतीकडे बोट दाखवायचा, तुमचा पंप नेपाळ देईल. कागद दाखवून दाखवून एक वर्ष गेलं. ते वर्षभर बायकांनी लांबून पाणी आणलं. मास्तरांनी हे न रागावता सांगितलं, पण सांगितलं. म्हणून मीही सांगतेय.

मी विचारलं, पुण्याहून नवा, दुरुस्त केलेला नकाशा पाठवला तर? नम्रताजी घाईघाईनं नको म्हणाल्या. मग पोरं टिकली कशावर लावणार?

निघताना मास्तरांनी माझा हात धरून ठेवला. "त्याला सांग, मी रागावलेलो नाही. पण प्रश्न मी विचारला होता आणि उत्तर माझं राहिलंय. कार्डाचं उत्तर कार्डानंच येतं. आणि लवकर म्हणावं, माझं वय काय ते त्याला नकाशावर दिसणार नाही."

तुम्ही विचारणारच म्हणून पट्टीनं मोजून घेतलंय. खांबाच्या खुणेपासून टिकलीच्या मध्यापर्यंत सतरा मिलिमीटर, आग्नेयेला. शाळेच्या भिंतीचा फोटो प्रिंट काढून वेगळा पाठवतेय. मी इथं अजून तीन आठवडे आहे, मुलांना कॉम्प्युटर शिकवतेय. मेची नदी कुठे पळून जात नाही.

काका, मला तुमचा राग आला नाही. तुमच्याजवळ येऊन बसावंसं वाटलं.

तुमची,
भाग्यश्री

•

पुणे
१६ जानेवारी २०२५

बाळ भाग्यश्री,

पत्र आलं. हे खुर्चीत बसून वाचत होते, मी स्वयंपाकघरातून बघत होते. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता माझी धडगत नाही. तर म्हणाले, "आग्नेयेला म्हणते, पण कोन लिहिला नाही. अर्धवट काम." आणि ढसाढसा रडले गं. एक्केचाळीस वर्षांचं साठलेलं. मी जवळ जाऊन बसले. आमच्या लग्नाला बावन्न वर्षं झाली, मी यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

हातपंपाची ओळ काही सोडत नाहीत. नळाला पाणी आलं की बादलीकडे बघत बसतात. मी म्हटलं, बघत बसून बरगदहीला पाणी जाणार आहे का? लिहा आता.

मग मफलर गुंडाळून पोस्टात गेले. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, पोस्टकार्ड? कशाला?" तर तिला म्हणाले, "लिहायला." तीन कार्डं आणलीत. दोन वाया घालवून झालीत. तिसरं समोर ठेवून बसलेत, मी चहा ठेवून आलेय. आता फाडायला कागद नाही, ते बरंय.

फोटोही पोचला. तुझ्या खोलीतल्या नकाशाशेजारी लावलाय.

कुसुमकाकू

•

पुणे
१८ जानेवारी २०२५

चि. भाग्यश्रीस,

हे पाकीट कुसुमच्या हाती न देता स्वतः टाकतो आहे. तिच्या पाकिटांचा अनुभव आता आला.

सोबतचं कार्ड मास्तरांना दे. मला हिंदीत लिहिता येईना, आपली हिंदी रिक्षावाल्यापुरती. तू समोर बसून वाचून दाखव आणि जिथं अडेल तिथं अर्थ सांग. मोठ्यानं वाच, त्यांना कमी ऐकू येतं म्हणालीस. शक्य झालं तर वर्गात वाच. मुलांनी विचारलं होतं.

कुसुमनं टिकल्यांची दोन पाकिटं घातली आहेत. लहान मापाच्या घे म्हटलं होतं, मोठीनं गावाची हद्द झाकली जाते. ऐकलं नाही.

ये म्हणणार नाही, मेचीपर्यंत जाऊन ये. मागच्या महिन्यात जे चार शब्द लिहिले ते मागे घेतो. खोली आहे. रंगकाम होणार नाही.

श्यामसुंदर

(सोबतचं कार्ड)

पुणे
१८ जानेवारी २०२५

सुखदेव मास्तरांना नमस्कार.

आपलं ४ ऑगस्ट १९८३ चं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.

मुलांनी विचारलं होतं की आपण कोणत्या देशात आहोत. बरगदही भारतात आहे. तेव्हाही होतं. चूक नदीची नव्हती, नकाशा काढणाऱ्याची होती. तो मी.

हातपंपाचं वर्ष मला परत देता येत नाही. ते माझ्याकडे राहील.

मुलं टिकली लावतात ती जागा सर्वेक्षणाच्या जुन्या नकाशावर मोजून पाहिली. बरोबर आहे. तिथंच लावत जावी.

आपला,
श्यामसुंदर